पुसल्या गेलेल्या खेळाचे दुःख

आजच्या लेखाचा विषय वाचून आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना हसू येईल. मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातील जुलाब-उलट्या हे सोडून डॉक्टर आता व्हिडिओ गेमवर लिहू लागले काय, असेही कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. गेल्या काही वर्षांत तिशी-चाळिशीतली चार-पाच माणसे तरी माझ्याकडे अशी आली, की तक्रार सांगितली झोपेची किंवा पित्ताची, आणि नीट विचारपूस केल्यावर मुळाशी निघाला एक हरवलेला खेळ. ही मंडळी काही रिकामटेकडी नव्हती. कुणी कारखान्यात सुपरवायझर, कुणी शिक्षक, एक जण तर औषधांचा दुकानदार. आपल्याला कशाचे वाईट वाटते आहे, हे सांगायची मात्र प्रत्येकाला लाज वाटत होती.

ज्यांनी असा खेळ कधी हाती धरला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. व्हिडिओ गेम पुष्कळदा एका बैठकीत संपत नाही. काही खेळ पुरे व्हायला पन्नास-साठ तास लागतात. म्हणून जिथवर आलो तिथवरची नोंद यंत्रात साठवून ठेवण्याची सोय असते. तिला 'सेव्ह' म्हणतात. खेळणाऱ्याने घेतलेले नाव, किती तास खेळला, कुठवर पोहोचला, काय काय मिळवले, हे सारे त्या नोंदीत असते. रात्री सापशिडीचा पट आहे तसा झाकून ठेवावा आणि सकाळी पुढे खेळावे, तसा हा प्रकार. नोंद पुसली गेली की पट उधळला.

टेपरेकॉर्डरचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दुःख अगदीच परके नाही. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या किंवा वडिलांचे बोलणे कुणी हौसेने कॅसेटवर भरून ठेवलेले असे, आणि घरातलेच दुसरे कुणी त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून मोकळे होई. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकच्या दोन लहान चौकटी असत. त्या मोडून टाकल्या की तीवर पुन्हा काही भरता येत नसे. जाणकार माणसे त्या आठवणीने मोडून ठेवीत. खेळाच्या नोंदीला अशी मोडायची चौकट बहुधा नसे.

आता एका रुग्णाविषयी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 36, औद्योगिक वसाहतीत नोकरी, विडी-तंबाखूचे व्यसन नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पत्नीबरोबर आला. रात्री दोन-अडीचला जाग येते ती पुन्हा झोप नाही, छातीत धडधड, जेवणावरून मन उडालेले. रक्तदाब ठीक, कार्डिओग्राम ठीक, साखर आणि थायरॉइड दोन्ही ठीक.

"डॉक्टर, यांना काही झालेलं नाही," पत्नी म्हणाली. "दिवाळीत खेळाचं एक जुनं डबडं बिघडलं, तेव्हापासून हे असे आहेत."

तो मान खाली घालून बसला होता. मी त्यांना जरा बाहेर बसायला सांगितले. या मुलाला मी तो शाळेत असल्यापासून ओळखतो.

"काय रे, कसलं डबडं?"

हळूहळू सगळे बाहेर आले. वडिलांच्या बोनसमधून दोघा भावांसाठी घरात प्लेस्टेशन 2 हा सेट आला होता. जगभर पंधरा कोटींहून अधिक खपलेला हा सेट 2000 साली जपानमध्ये निघाला आणि आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत पोहोचेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. दोघांचा आवडता खेळ कुस्तीचा. 'स्मॅकडाउन, हिअर कम्स द पेन' हे त्याचे नाव, साल 2003. या खेळात आपल्या मनाप्रमाणे पैलवान तयार करता येतो. चेहरा, उंची, केस, कपडे, नाव, आखाड्यात येण्याची ऐट, सगळे आपण ठरवायचे. धाकट्याने घरातल्या साऱ्यांचे पैलवान करून ठेवले होते. पांढऱ्या मिशांचे आजोबा, जाडजूड दादा आणि सडपातळ, लांब केसांचा तो स्वतः. हे सगळे 8 मेगाबाइटच्या एका लहानशा कार्डात साठवलेले. कार्डाचा आकार काडेपेटीएवढा.

2011 साली तो धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय एकोणीस.

"त्यानंतर दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला रात्री सगळे झोपले की मी सेट लावायचो," रुग्ण सांगत होता. "त्याच्या पैलवानाबरोबर एक कुस्ती खेळायचो. एकच."

"कोण जिंकायचं?"

"तोच. मुद्दाम नाही हरायचो डॉक्टर. पण जमायचंच नाही."

भाऊबीजेला बहीण आली होती. तिच्या दहा वर्षांच्या मुलाने माळ्यावरून उतरवलेला सेट टीव्हीला जोडला. कार्ड फॉरमॅट करायचे का, असे पडद्यावर आले. पोराने 'होय' दाबले. मामाने त्याच्या थोबाडीत दिली. बहीण जेवणाच्या ताटावरून उठली आणि मुलाला घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने सासरी परत गेली. पंधरा दिवस झाले, भावाबहिणीत बोलणे नाही. मुलाला का मारले हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. आईला सांगावे तर तिची जखम उघडी होईल आणि इतरांना सांगावे तर हसतील.

अमेरिकेतील केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 साली अशा शोकाला 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ' असे नाव दिले. मराठीत सांगायचे तर, समाज ज्याचा हक्कच मान्य करीत नाही असे दुःख. आईवडील गेले तर चार माणसे भेटायला येतात, पिठले-भात घेऊन येतात, दहा दिवस घर भरलेले असते. पाळलेले कुत्रे मेले, पोटातले मूल तिसऱ्या महिन्यात गेले, किंवा एखादी वस्तू हरवली, तर तेवढे कुणी येत नाही. दुःख असतेच, ते व्यक्त करायला जागा नसते. मग ते शरीराच्या वाटेने बाहेर पडते. झोप जाते, भूक जाते, डोके दुखते. आमच्या दवाखान्यात अशा कितीतरी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, की ज्यांचा पित्ताशी काही संबंध नसतो.

जुन्या दिवसांच्या ओढीला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द मुळात एका वैद्यकीय विद्यार्थ्याने घडवला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1688 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या तरुणाने आपल्या प्रबंधात हा रोग म्हणून मांडला. ग्रीक भाषेत 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. सांधेदुखीच्या रुग्णांच्या कागदावर आम्ही 'आर्थ्राल्जिया' लिहितो, त्यातली 'अल्जिया' हीच. त्या काळी स्विस तरुण पोटासाठी परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून जात आणि तिथे ताप, अशक्तपणा, अन्नावरची वासना जाणे यांनी खंगत. बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिगत होफरने दिली आहे. दुखणे हाताबाहेर गेले म्हणून त्याला घराकडे न्यायचे ठरले, आणि वाटेतच तो सुधारू लागला. पुढे दीड-दोनशे वर्षे हा रोग वैद्यकाच्या पुस्तकांत राहिला. अमेरिकेच्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्याच्या डॉक्टरांनी पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या नावापुढे हे निदान लिहिले होते.

मराठीत याला दोन शब्द आहेत, 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता'. पहिल्यात नुसतेच रंजन आहे, वेदना नाही. दुसऱ्यात नुसतीच कातरता. खरी अवस्था या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणीला हे होफरपेक्षा अधिक कळत असे, पण तिला प्रबंध लिहायला कुणी सांगितले नाही.

आता ही ओढ रोग मानली जात नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात सेडिकिडीस आणि वाइल्डशूट यांनी सहकाऱ्यांसह या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांचा 2006 सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यांना असे आढळले की, माणूस एकटा पडला किंवा खिन्न झाला की जुन्या आठवणी अधिक काढतो, त्या आठवणींत तो स्वतः असतोच पण एकटा क्वचित असतो, जवळची माणसे भोवती असतात, आणि आठवण काढून झाल्यावर आपण कुणाचे तरी आहोत ही भावना वाढते. थोडक्यात, ही खिन्नतेवर मनानेच काढलेली उतारा-मात्रा म्हणावी. मी माझ्या रुग्णांत हेच पाहतो. जुन्या खेळाविषयी सांगताना माणूस खेळ कसा होता हे फारसे सांगत नाही. शेजारी कोण बसले होते, आईने काय खायला दिले होते, दुसरा रिमोट कुणाच्या हातात होता, हे सांगतो.

मग आठवण तर डोक्यात आहेच, नोंद पुसली म्हणून काय बिघडले, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर मेंदूच्या कामकाजात आहे.

आपली स्मृती पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी आठवण काढताना मेंदू ती नव्याने जुळवतो आणि जुळवताना थोडी बदलतो. इकडचा रंग तिकडे लागतो, गाळलेल्या जागा कल्पनेने भरल्या जातात. म्हणून तर एकाच लग्नातल्या भांडणाची हकिगत दोन काका दोन तऱ्हेने सांगतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात. माणूस जाऊन दहा-बारा वर्षे झाली की त्याचा आवाज आठवेनासा होतो. पुष्कळ नातेवाइकांना याची मोठी भीती वाटते, आणि ती ते डॉक्टरला चोरून सांगतात. खेळातील नोंद मात्र बदलत नाही. मुलाने 2007 सालच्या एका दुपारी पैलवानाला लांब केस दिले, ते 2020 मध्येही तेवढेच लांब. त्याच्या हाताने झालेली निवड जशीच्या तशी. मृत माणसाच्या हस्ताक्षरातील वाणसामानाची यादी घरात जपून ठेवतात, त्याला कुणी हसत नाही. ही नोंद म्हणजे तेच हस्ताक्षर आहे.

2014 साली एका तरुणाने लिहिलेली हकिगत जगभर वाचली गेली होती. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. त्यांच्याबरोबर तो मोटारशर्यतीचा एक खेळ खेळत असे, 'रॅलीस्पोर्ट चॅलेंज' नावाचा. अनेक वर्षे तो सेट त्याने हातात घेतला नाही. पुढे एकदा लावला, तेव्हा पडद्यावर एक अर्धपारदर्शक गाडी धावताना दिसली. या खेळात सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याची गाडी यंत्र जपून ठेवते आणि नंतर खेळणाऱ्यांसमोर सावलीसारखी पळवते. ती फेरी वडिलांची होती. मुलगा त्या गाडीबरोबर खेळत राहिला, खेळत राहिला, आणि एक दिवस तिच्या पुढे गेला. मग शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबला. रेषा आधी ओलांडली असती तर वडिलांची फेरी पुसून त्याची नोंदली गेली असती.

ही हकिगत मी माझ्या रुग्णाला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी एकटाच असा नाही तर."

स्मृतीचा आणखी एक प्रकार आहे. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन रुग्णावर 1953 साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस हा भाग बराचसा काढला गेला आणि त्याला नवे काही लक्षात राहीनासे झाले. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला नवाच वाटे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम वाटते तितके सोपे नाही, वाचकांनी करून पाहावे. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात सफाईदार झाला, पण आपण हे पूर्वी केले आहे असे मात्र त्याला एकदाही आठवले नाही. यावरून हे पक्के झाले की, घटनांची आठवण आणि हाताचे कसब यांच्या जागा मेंदूत वेगवेगळ्या आहेत. सायकल, पोहणे, पेटी वाजवणे हे सारे या दुसऱ्या खात्यात जमा असते, आणि ते खाते सहसा बुडत नाही. वीस वर्षांनी रिमोट हाती धरला तरी अंगठे आपोआप चालतात ते यामुळे. माझ्या रुग्णाच्या अंगठ्यांना जे डावपेच येत होते त्यांतले निम्मे धाकट्यानेच शिकवलेले होते. ते कुठल्याच कार्डात नव्हते.

त्याला मी झोपेची गोळी फक्त पाच दिवस दिली. एक काम मात्र सांगितले. ताईकडे जायचे आणि तिला सगळे सांगायचे, कारण गेलेला भाऊ तिचाही होता. आमच्या गावातील टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार मुलाकडे चौकशी केली, तेव्हा त्याने सांगितले की, कार्डावरचे यंत्राला वाचता येईनासे झाले की पुष्कळदा तेव्हाच ते फॉरमॅटचा प्रश्न विचारते. म्हणजे इतक्या वर्षांनी कार्ड आधीच खराब झालेले असण्याचा संभव होता. भाच्याने बटण दाबले एवढेच.

तो गेला. ताईला यातले काहीच माहीत नव्हते. ऐकून ती आधी रडली आणि मग हसायला लागली. तिला चिडवायला धाकट्याने तिच्या नावाचाही एक पैलवान केला होता, काळ्याकुट्ट दाढीमिशांचा. तो पाहून तिने त्याच्यामागे लाटणे घेऊन धाव घेतली होती. ही गोष्ट दादा साफ विसरला होता. भाच्याला शेजारी बसवून त्यांनी आजोबांपासून सगळे पैलवान एका वहीत लिहून काढले, कुणाचे केस कसे, कुणाची चड्डी कुठल्या रंगाची. दादाला आजोबांची चड्डी लाल आठवत होती आणि ताईला हिरवी. झोप पूर्ववत यायला त्याला आणखी महिना लागला.

हे खेळ पुसले जातात कसे, याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यात एक आरोग्याचा मुद्दाही दडलेला आहे. 1990 नंतर आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त सेट आले, त्यांच्या कॅसेटमधील 'मारिओ', 'कॉन्ट्रा' हे खेळ दर वेळी पहिल्यापासूनच खेळावे लागत. भारनियमनात दिवे गेले की खेळ गेला. त्या पिढीला हे दुःख नाही, कारण त्यांच्याजवळ जपायला नोंदच नव्हती. परदेशात मात्र 1987 पासून 'द लेजंड ऑफ झेल्डा' सारख्या खेळांच्या कॅसेटमध्ये नोंद टिकवण्यासाठी बटणासारखा एक चपटा सेल डाखलेला असे. 1996 साली जपानमध्ये निघालेल्या पोकेमॉनच्या खेळांतही तो होता. हा सेल पंधरा-वीस वर्षांनी संपतो आणि त्याबरोबर नोंदही जाते. पोकेमॉनच्या त्या कॅसेटमध्ये नोंदीला जागा एकच होती. धाकट्या भावंडाने नवा खेळ सुरू करून साठवला की थोरल्याचे वर्षभराचे श्रम पुसले जात. यावरून घरोघरी झालेल्या मारामाऱ्यांची गणती नाही.

अलीकडे काही हौशी तरुण जुन्या कॅसेट उघडून सेल बदलतात. त्यांना आणि सर्वच घरांना एक कळकळीची सूचना. हे चपटे सेल लहान मुलांसाठी अत्यंत धोकादायक आहेत. आज ते रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, गाणाऱ्या भेटकार्डातही असतात. वीस मिलिमीटर रुंदीचा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेशी त्याचा विद्युतप्रवाह सुरू होऊन तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतच आतून भाजते. 'संपलेल्या' सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते. मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते. कधी काहीच लक्षण दिसत नाही. नुसता संशय आला तरी एक्स-रे काढण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. उलटी करवू नये. गिळून बारा तासांच्या आत असेल, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात नेताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, फार तर सहा वेळा. मधासाठी थांबू नये. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

ज्यांच्या घरी खेळ नाहीत त्यांनाही हा विषय लागू आहे, कारण आज तीच नोंद मोबाइलमध्ये असते. गेलेल्या आईचा आवाज व्हॉट्सॲपवरच्या एका निरोपात असतो, "येताना कोथिंबीर आण" एवढाच. फोन बदलून नवा घेताना तो निरोप कुठे गेला हे कळतही नाही. जुना फोन, कॉम्प्युटर, खेळाचा सेट विकण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी घरातल्या सर्वांना विचारावे. मुलाच्या लेखी काय मोलाचे आहे याचा अंदाज आपल्याला नसतो. आवाज, फोटो, नोंदी यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. काही चुकून पुसले गेलेच, तर त्या यंत्रावर नवे काही भरू नये. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर नवा मजकूर येईपर्यंत पुष्कळदा शिल्लक असतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो. खात्री कुणी देऊ नये आणि दिली तर आगाऊ पैसे देऊ नयेत.

घरच्यांनी अशा माणसाला "एवढ्याशा खेळासाठी?" असे म्हणू नये. कुणाबरोबर खेळायचास, एवढे विचारावे आणि ऐकत बसावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे? दोन आठवडे सलग मन खिन्न आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामावर जाववत नाही, अशी स्थिती असेल तर जरूर जावे. जवळचे माणूस गेल्याचा शोक सहा महिन्यांनंतरही त्याच तीव्रतेचा राहून रोजचे व्यवहार अडत असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणानुसार तो उपचार करण्याजोगा विकार आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी 2022 साली प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली. आपल्याकडे वर्षभर सण न करण्याची रीत आहे, तिच्याशी हा हिशेब जुळतो, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. जगणे नको असे विचार मनात येत असतील तर मात्र दिवस मोजत बसू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

राहता राहिला पालकांचा नेहमीचा प्रश्न : मग मुलांना खेळू द्यावे की नाही, आणि किती वेळ? खेळाच्या आहारी जाणे हा विकार जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मान्य केला आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, असे साधारण वर्षभर चालू असावे लागते. सुटीत दोन भाऊ दोन तास एका टीव्हीसमोर भांडत खेळले, तर ते त्यात बसत नाही. त्याविषयी सविस्तर पुढे कधीतरी लिहीन.